पलीकडच्या काठावरची न नांगरलेली जमीन

मी, नीलकंठ गोविंद टोकेकर, वय अठ्ठ्याहत्तर, सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार मुन्शी घाटावरची गल्ली, तिसरा मजला, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दबावाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉ. नीरजा यांनी आज सकाळी लिहून दिले आहे. घराबाहेर पडायला मात्र मला गेली तीन वर्षे बंदी आहे. तिचे कारण आधी नोंदवतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी अर्धवट शुद्धीत होतो. पत्नी सौ. प्रमोदिनी हिने इस्पितळात भटजी आणून माझ्याकडून क्षेत्रसंन्यासाचा संकल्प करवून घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. हातावर पाणी पडले आणि मी 'हो' म्हणालो. मला वाटले औषध देत आहेत. मी शेताकडे निसटेन म्हणून ती तेव्हापासून मला घराबाहेरही पडू देत नाही. माझे शेत गंगेपलीकडे, रामनगरच्या बाजूला. तिकडे मेलेला गाढवाच्या जन्माला जातो, हे काशीत शेंबडे पोरही सांगते. प्रमोदिनी स्वतः मात्र दरवर्षी रामलीला पाहायला पलीकडे जाऊन येते.

कलम १. हे राहते घर व बँकेतील ठेव प्रमोदिनीस. तिच्यामागे चिरंजीव केयूर यास.

कलम २. न नांगरता पेरणी करण्याचे यंत्र रामसूरत यास द्यावे. तो पंचवीस वर्षे माझ्यासोबत शेतात राबला. गावाने आमच्या जमिनीला 'आलसी पंडित का खेत' म्हटले, ते त्याने माझ्यापेक्षा जास्त सोसले.

कलम ३. मातीचे नमुने काढण्याचे गिरमिट व सव्वीस वर्षांच्या वह्या केयूरला. त्याने त्या एकदा तरी उघडाव्यात. जमीन घेतली तेव्हा तिथली माती पांढुरकी, निर्जीव होती. सेंद्रिय कर्ब शेकडा ०.३६, एका फावड्यात गांडुळे दोन. आम्ही नांगर बंद केला, भाताचा पेंढा जाळायचा सोडून जागेवर पसरला, मधल्या काळात ताग पेरला. पहिली चार वर्षे पीक कमी आले आणि मी घरी खोटे बोललो. आज कर्ब ०.७९ आहे आणि गांडुळे मोजायचा मला कंटाळा येतो. उलथलेल्या मातीत हवा भरते आणि वर्षानुवर्षे साठलेले सत्त्व जीवजंतू एका हंगामात फस्त करतात. हे मी नोकरीत हजारो शेतकऱ्यांना सांगितले. पोटच्या पोराला पटवता आले नाही.

कलम ४. दहन मणिकर्णिकेवर करावे. राख शेतात नेऊन भावनेचे प्रदर्शन करू नये. राखेत कर्ब उरत नाही.

कलम ५. शेत. आता ते केयूर बघतो आणि दर महिन्याला मला तिथले एक ढेकूळ आणून देतो. मी ते पाण्याच्या पेल्यात सोडतो. मुळांनी, बुरशीने धरलेली माती पाण्यात संध्याकाळपर्यंत शाबूत राहते. नांगरलेली बघता बघता विरघळते. तीन वर्षे जमिनीची आणि माझी भेट एवढीच. गेल्या महिन्यातले ढेकूळ दहा मिनिटांत गढूळ पाणी झाले.

"कुठून आणलंस?" मी विचारले.

"बाबा, ट्रॅक्टरला रोटावेटर लावून फक्त उत्तरेची पट्टी नांगरली. लोक हसतात हो. आता कितना साफ दिसतंय." मग म्हणाला, "बाकीचं गव्हाच्या आधी करून टाकू."

आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्या रात्री मला रडू आले. गव्हाची पेरणी पंधरा दिवसांवर आहे. मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होणार, ट्रॅक्टर त्याआधी येणार. निघालो तर प्रमोदिनी दारात आडवी पडेल, आणि वचन मोडून तिला दुखवण्याचे धैर्य माझ्यात नाही. खिडकीतून पलीकडचा काठ दिसतो. तिथली वाळूच दिसते, शेत दिसत नाही.

म्हणून ते शेत मी केयूरला न देता प्रमोदिनीस देत आहे. तिला मातीतले काही कळत नाही. ढेकूळ टाकलेल्या पेल्यात ती एकदा माझा चहा ओतून मोकळी झाली. पण माझ्या रागाला, रुसव्याला, दोन दिवसांच्या उपासालाही न जुमानता तिने मला उंबरठ्याच्या आत ठेवले. जी स्वतःच्या नवऱ्याला दया दाखवत नाही ती ट्रॅक्टरला दाखवणार नाही, याची मला खात्री आहे. अट एकच: त्या जमिनीत नांगर घालू नये आणि पेंढा जाळू नये.

कलम ६. वरील मजकूर मी आत्ताच प्रमोदिनीस वाचून दाखवला. ऐकून ती उठली आणि तिने चपला शोधल्या.

मी म्हणालो, "मलाही ने. बांधावर बसून राहीन."

"तुम्ही इथेच राहायचं," ती म्हणाली. "केयूरला फोन लावा. म्हणावं, आई ऑटोने शेतावर निघालीये. ट्रॅक्टर आला तर पहिले माझ्या अंगावरून जाऊ दे."

बाहेरून कडी लावून ती गेली. साक्षीदारांच्या सह्या कोणी कडी काढल्यावर होतील.

सही: नीलकंठ गोविंद टोकेकर

साक्षीदार:
१. डॉ. नीरजा खरे
२. बिंदुमाधव जडे, शेजारी (कडी यांनीच काढली)

स्थळ: वाराणसी
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५