दोष, तारीख, सही

१ जुलै, मंगळवार. सकाळी ६.१०
गोदा लेकीकडे सिरुसेरीला जाऊन आज बावीस दिवस. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि बायको जावयाच्या फ्लॅटवर! काल लेकीने, लावण्याने, फोनवर अट सांगितली. अम्मा परत येईल, पण आधी अप्पांनी तिच्याबरोबर फॅमिली थेरपीला यायचं. मी लगेच सेरी, बरं म्हटलं. तिला वाटलं, म्हातारा नरमला. छे! एकतीस वर्षं गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो मी. डिग्रीवाली त्रयस्थ तपासणी आयती चालून आली आहे. चूक कोणाची ते एकदा कागदावर येऊ दे. अशी अद्दल घडवीन की बहिणींनाही सांगत फिरेल.

२ जुलै
फाइल तयार. पुरावे सदुसष्ट, तारीखवार.
गोदाची तक्रार काय, तर स्टिकर. रिटायर होताना रिजेक्टच्या लाल स्टिकरचे दोन रोल घरी आणले. (टाकूनच देणार होते.) रकाने चार: दोष, तारीख, पुनर्तपासणी, सही. घरात जिथे दोष दिसेल तिथे लावतो. लोणच्याची बरणी: मीठ जास्त. समई: डाग. गेल्या महिन्यात तिच्या बहिणीसमोर पुरणपोळीच्या डब्याला लावलं: कडा कच्च्या. कच्च्या होत्याच! त्याच संध्याकाळी बॅग भरून गेली. लोकांना सिस्टीम नको असते.

३ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ७
पहिलं सेशन. कौन्सेलर सौम्या, लावण्याहून लहान. तीन सारख्या खुर्च्या, टेबल नाही. टेबलाशिवाय निकाल कशावर लिहिणार? फाइल पुढे केली. तिने ती न उघडता परत दिली. म्हणाली, इथे दोषी कोण ते ठरवत नाही, घरात एकमेकांशी कसं बोललं जातं ते तिघं मिळून बघायचं. अय्यो, मग तपासणी कसली?
पन्नास मिनिटांत गोदा चार वाक्यं बोलली. बाकीचं मी सांभाळलं. पहिली फेरी माझी.

१० जुलै, गुरुवार
आजचा नियम: गोदा बोलणार, मी ऐकायचं, मग तिचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं. सोप्पं.
गोदाने पर्समधून वही काढली. आत माझी लाल स्टिकरं, ओळीने चिकटवलेली. तीन वर्षांची. पुरावे पळवले बयेने!
एका स्टिकरवर बोट ठेवून म्हणाली, "आईचं तेरावं करून आले, त्या दिवशी साराच्या पातेल्याला हे लावलं होतंत. दोष: पाणचट."
सौम्याने मला विचारलं, गोदाम्मा काय म्हणाल्या? मी सांगितलं, सार पाणचट होतं हे तिने मान्य केलं.
मग सौम्याने पाण्याचा ग्लास गोदापुढे सरकवला. मला दिला नाही. उघड पक्षपात. याचंही उट्टं काढीन.

११ जुलै
सार पाणचट होतंच.
तेराव्याचं लक्षात नव्हतं. (मुद्द्याशी संबंध नाही.)

१७ जुलै, गुरुवार
गृहपाठ: रोज एक चांगली गोष्ट शोधून तिला हिरवं स्टिकर लावायचं. कारखान्यात पासचे हिरवे रोल ढिगाने होते. मी एकही आणला नव्हता.
सूड घ्यायला हे नामी आहे. इतकी हिरवी लावीन की गोदा खजील होईल. बसमध्ये चेंगरत टी. नगरला जाऊन आणली. घरी येऊन बघतो तर लावायला काही सापडेना, घरात मी एकटाच. पंख्याला लावलं. कॅलेंडरला लावलं. मी केलेल्या कॉफीला लावलं, मग पिऊन बघितली. काढलं.

२७ जुलै, रविवार
सौम्याच्या सांगण्यावरून गोदा दोन तास घरी आली. मी सार केलं होतं. बेत पक्का: तिने नाव ठेवलं की फाइल बाहेर.
जेवली, नाव ठेवलंच नाही. शेवटी मीच विचारलं, कसं झालंय?
"हे तुम्ही पहिल्यांदाच विचारलंत," म्हणाली. हे काय उत्तर झालं?
निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. किती वर्षांनी! शरण आली म्हणायची. तिला बसला सोडून ताठ मानेने भाजी घेतली. सगळा बाजार वळून वळून बघत होता.

२८ जुलै, सोमवार
शर्ट धुवायला टाकताना पाठीवर लाल स्टिकर सापडलं. अक्षर गोदाचं.
दोष: ऐकत नाही. तारीख: कालची. पुनर्तपासणी: गुरुवार, पाच वाजता.
फार राग आला. फाइल काढली, पुरावा क्रमांक अडुसष्ट लिहायला घेतला. लिहिला नाही.
सहीचा रकाना रिकामा आहे. सही नसलेलं रिजेक्शन बाद होतं, एवढंही तिला माहीत नाही. गुरुवारी सौम्यासमोर तोंडघशी पाडतो.
साडेचारलाच जाऊन बसेन. तिने सही केली तर?