बकरी धुराड्यावर होती

प्रिय मुख्याध्यापिकाबाई, आणि त्याच्याही आधी माझी एकुलती एक लेक,

शुक्रवार, चौदा मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू मला तुझ्या शाळेच्या तिसरीच्या वर्गातून बाहेर काढलंस. ‘बाहेर काढलंस’ हा शब्द तुला खुपेल. तू म्हणशील, आई, मी फक्त थोडा वेळ बाहेर बस म्हटलं. पण जिच्या दंडाला धरून दारापर्यंत पोचवलं जातं आणि जिच्यामागे काचेचं दार हळूच, अगदी सभ्यपणे लावून घेतलं जातं, ती बाई बाहेर काढलेलीच असते. शेजारच्या टेबलावरचे दोन आईबाप माना खाली घालून आपापल्या पोरांची चित्रं बघायला लागले. इतका वेळ त्यांचंही लक्ष आमच्याकडेच होतं.

मला बोलावलं कोणी होतं? तूच. जावईबापू दौऱ्यावर, तू शाळेची प्रमुख म्हणून सगळ्या वर्गांतून फिरणार, तेव्हा भिंगरीच्या टेबलावर घरचं माणूस म्हणून तू बस, असं तूच फोनवर म्हणालीस. मी हौसेने आले. चांगली साडी नेसून आले. दारात गळ्यात पट्टा अडकवला, त्यावर ‘अभ्यागत’. नातीला भेटायला आलेली आजी अभ्यागत! बरं, तेही गिळलं. मग टेबलावर ते कार्ड दिसलं. आज मूलच सभा घेणार, पाहुण्यांनी चुका दाखवायच्या नाहीत, सल्ला द्यायचा नाही, काही विचारायचं असेल तर ‘मला कुतूहल वाटतं की’ अशी सुरुवात करायची. आठ वर्षांची पोर, छातीवर ‘संवादक’ असा बिल्ला, स्वतःची प्रगती स्वतःच मला समजावून सांगणार आणि मी माना डोलवायच्या. डोलवल्या की! मातीचा डोंगर बघितला, पाण्याचा प्रवास बघितला, ‘माझ्या भावनांचं हवामान’ नावाचा एक तक्ता बघितला, त्यात मंगळवारी गारा पडल्या होत्या. पोरीचं बोलणं मात्र खणखणीत. तेवढं मी तुझ्या शाळेला देते. बोलायला तुम्ही शिकवता.

मग तिने वाचनाचा पुरावा म्हणून स्वतः निवडलेलं पुस्तक काढलं. छपरावर चढणाऱ्या बकरीचं. पाठ ताठ करून वाचायला लागली, आवाजात चढउतार, बकरीचा वेगळा, म्हातारीचा वेगळा. तुझी ती तरुण टीचर हात छातीशी जोडून उभी. मधे दोन पानं चिकटली होती, कसला तरी गोंद लागलेला, ती एकदम उलटली गेली. चित्रात बकरी थेट धुराड्यावर, म्हातारी खाली काठी घेऊन नाचतेय, आणि आमची भिंगरी वाचतेय, “बकरीने अंगणातला पाला खाल्ला आणि शिडीकडे बघितलं.” पुढचं वाक्यही अंगणातलंच. त्याच्या पुढचंही. आणि टीचर हसतेच आहे! मी कार्डाचा मान राखला. म्हटलं, “मला कुतूहल वाटतं की बकरी धुराड्यावर असताना ही पोर अंगणात काय करतेय?” कोणी हसलं नाही. मग मी चित्रावर तळवा ठेवला आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, “हा कोणता गं?” साधा, तीन अक्षरी शब्द. भिंगरीने शब्दाकडे बघितलंसुद्धा नाही. तिने दाराकडे बघितलं, तू आत येत होतीस तिकडे. टीचर म्हणाली, “आजी, आपण इथे बोट ठेवत नाही.” आणि तू म्हणालीस, “आई, प्लीज. बाहेर बस.”

बाहेर तुमच्या स्वागतकक्षात तो गुबगुबीत पिवळा सोफा आहे, त्यातून या वयात उठायचं म्हणजे दुसऱ्याचा हात लागतो. समोरच्या मुलीला म्हटलं, मला तक्रार लिहायची आहे. तिने एक चिठ्ठी दिली. तीन तोंडं छापलेली, हसरं, बरं आणि रडकं. मी म्हटलं, “बाई, यात संतापलेलं नाही का?” ती म्हणाली, “नाही आजी, संपलं असेल.” बिचारी चांगली होती. मग तुझ्याच माणसांपैकी एकजण पाणी घेऊन आली. कोण ते सांगणार नाही आणि तू शोधायलाही जाऊ नकोस. पेला हातात देताना खालच्या आवाजात म्हणाली, “बरं केलंत. पण मॅडमना त्यांच्याच मुलीबद्दल कोण सांगणार?” वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत तुमचे दहा गुण लावलेले. जिज्ञासू, विचारी, निर्भय आणि पुढचे सगळे. ‘निर्भय’च्या बरोबर खाली उभी राहून ती कुजबुजत होती.

घरी येऊन तिचा या सत्राचा अहवाल पुन्हा काढून बघितला, तू मागे मला कौतुकाने दिलेला. ‘वाचनाच्या प्रवासात ती आत्मविश्वासाने उमलत आहे.’ अगं, मी आयुष्यभर रक्त तपासलं. लॅबच्या खिडकीतून हजारो लोकांच्या हातात कागद दिले. एकाला तरी मी ‘तुमची साखर आत्मविश्वासाने उमलत आहे’ असं लिहून दिलं असतं तर काय झालं असतं, सांग. माणूस आनंदाने पेढ्यांच्या दुकानात गेला असता आणि महिन्याभराने पाय कापायला आला असता. आकडा वाईट असला की लोकांचे चेहरे उतरायचे, ते काय मला दिसत नव्हतं? पण वाईट आकडा कळला म्हणून तर औषध सुरू व्हायचं. तुम्ही आकडाच काढून टाकला आणि वर म्हणता, आमच्याकडे कोणी आजारी नाही.

आणि तुमच्या पद्धतीतली गोम ऐक, तुला ती दिसत नाही कारण ती तू घातलीस. वाचून दाखवायचं पुस्तक मुलाने स्वतः निवडायचं. स्वातंत्र्य! मग ज्या पोराला वाचता येत नाही ते कोणतं पुस्तक निवडेल? जे तोंडपाठ आहे ते. दरवेळी. पहिलीपासून आजवर या पोरीसमोर तिने न ऐकलेलं एक पानही कोणी ठेवलेलं नाही, कारण तसं ठेवणं म्हणजे म्हणे दडपण. ही चूक एखाद्या साध्या, गळक्या शाळेत झालीच नसती. तिथे मास्तर म्हणाला असता, “ऊठ, पान बारा वाच,” आणि बाराव्या पानावर सगळं उघडं पडलं असतं.

आता तू म्हणशील, आई, तुझं ते कॉन्व्हेंट पुरे. तुला वाटतं मला त्या सिस्टरांच्या पट्टीचे उमाळे येतात. पट्टी हातावर आडवी बसायची, आणि मराठीत बोललो की दंड व्हायचा, ते मी विसरलेले नाही. तसं काहीही मला भिंगरीसाठी नको आहे. फटके नकोत, पहिला-दुसरा नंबर नको, रडवणं तर मुळीच नको. पण आम्हाला इंग्रजी शिकवणारी ती म्हातारी, खोकणारी सिस्टर रोज प्रत्येकीच्या बाकाशी येऊन तिच्या पुस्तकात कुठेही बोट ठेवायची. मायेने ठेवायची असं नाही, माया तिच्याकडे फारशी नव्हती. पण कोण कुठे अडलंय हे तिला रोज ठाऊक असायचं. तुमच्याकडे माया भरपूर आहे, गुबगुबीत आहे, त्या सोफ्यासारखी. पोर त्यात बुडाली आहे आणि कोणी हात देत नाही.

तुला हे सुचणं अवघड आहे, हेही मी जाणते. तू चार वर्षांचीही नव्हतीस तेव्हापासून साबणाचं वेष्टन, औषधाची बाटली, दुकानांच्या पाट्या, दिसेल ते वाचत सुटायचीस. तुझे बाबा तुला खांद्यावर घेऊन बाजारातून फिरवायचे आणि तू वरून पाट्या ओरडायचीस, लोक थांबून बघायचे. तुला कोणी वाचायला शिकवल्याचं मला आठवतच नाही. म्हणून तुला वाटतं, मुलांना नुसतं मोकळं सोडलं, रंगीत उशा दिल्या की वाचन आपोआप उगवतं. तुझ्यात उगवलं. सगळ्यांच्यात उगवत नाही, बयो. आणि तुझ्या स्वतःच्या पोरीत नाही उगवलं, तर त्यात तुझी मान खाली जावी असं काही नाही. पण तू ती खाली जाईल म्हणून बघतच नाहीस, याचा मला राग आहे. शाळेचं माहितीपत्रक म्हणून तू पोरीला मिरवतेस. हे कडू आहे, पण खोडणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या बैठका होत्या म्हणून ती नेहमीसारखी माझ्याकडे आली. सकाळचा विषय मी काढला नाही. तीच काढायची वाट बघितली. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती, निम्मे तोंडात. मधेच म्हणाली, “आजी, पानं चिकटली होती ना, म्हणून.” मी म्हटलं, “हो.” मग म्हणाली, “नुसती चिकटली नसती तर मला आलं असतं.” मी शेंगांची टोपली तिच्याकडे सरकवली. मग तिने एकेक करून सगळं सांगितलं. ऐकण्याच्या कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून पुस्तक ऐकते. शेजारची मैत्रीण वाचते तेव्हा वाक्यं ओळीने पाठ करते, पान उलटलं की पुढचं वाक्य येतं. गटात नवीन पुस्तक निघालं की पोटात दुखतं असं सांगून पाणी प्यायला जाते. मी विचारलं, वाचताना होतं काय गं? म्हणाली, “पुढचा शब्द लागेपर्यंत मागचा निघून जातो.” एवढं मोठं ओझं घेऊन ही पोर रोज तुझ्या शाळेत हसत येते, आणि तुम्ही तिला बिल्ला देता. ते कशामुळे होतं मला ठाऊक नाही. मी अंदाजाने निदान करणारी बाई नाही. म्हणून तर तपासून घ्या म्हणते. शनिवारी मी जुन्या ओळखीने सरकारी इस्पितळात मुलांच्या विभागात विचारून आले. तिथे वाचनाच्या अडचणी तपासणारी बाई आहे. ती म्हणाली, अशी मुलं रग्गड येतात, नीट शिकवलं की वाचायला लागतात, पण जितक्या लवकर आणाल तितकं बरं. आजीच्या सहीवर मात्र तपासता येत नाही. आईची किंवा वडिलांची संमती लागते, आणि ती लेखी.

हे सगळं फोनवर सांगायचा प्रयत्न मी काल, रविवारी, दोनदा केला. पहिल्यांदा म्हणालीस, “आई, येत्या गुरुवारी तपासणी मंडळ येतंय, मला श्वास घ्यायला वेळ नाही.” दुसऱ्यांदा म्हणालीस, “तू तिचा आत्मविश्वास मोडते आहेस, पुन्हा असं केलंस तर शुक्रवारी तिला तुझ्याकडे पाठवायचं की नाही ते मला बघावं लागेल.” मला धमकी! आणि वर आनंदाने सांगितलंस की गुरुवारी त्या पाहुण्यांसमोर भिंगरी वाचणार आहे. पाहुणे ग्रंथालयातून आवडेल ते पुस्तक उचलतील आणि तुझी लेक ते वाचून दाखवेल. शाळेचा अभिमान. तू माझं पुढचं ऐकायच्या आत फोन ठेवलास.

म्हणून आता ऐक. गुरुवारचं तिला ठाऊक आहे. तपासणीच्या गडबडीत तूच तिला गुरुवार सकाळपर्यंत माझ्याकडे ठेवली आहेस. काल रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझ्या कुशीत शिरली आणि म्हणाली, “आजी, गुरुवारी तू आजारी पड ना. फार नाही, थोडीशीच. आई तुला दवाखान्यात नेईल आणि मग वाचन होणार नाही.” आठ वर्षांच्या पोरीला आजी आजारी पडलेली परवडते, पण आईला खरं सांगणं परवडत नाही. मी म्हटलं, आजारी पडणार नाही, आईला सांगणार. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “मग लिहून सांग. बोललात की तुम्ही भांडता, आणि आई मधेच फोन ठेवते. कागद ठेवता येत नाही.” हे पत्र मी तिच्या सांगण्यावरून लिहिलं आहे, आणि त्यातला राग तेवढा माझा आहे. बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत मला तुझं उत्तर हवं, कागदावर, तुझ्या सहीचं. त्यात दोनच गोष्टी असू देत. गुरुवारच्या वाचनातून तिचं नाव काढलंस, आणि तपासणीला तुझी संमती आहे. उत्तर आलं नाही, तर गुरुवारी सकाळी ती माझ्याकडेच राहील आणि तुझ्या पाहुण्यांना ती का आली नाही ते सांगायला मी स्वतः येईन. मला दारात अडवायचं असेल तर अडव.

तुझीच,
आई