खुर्चीवाल्या अल्बमचा शेवट

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जिने चढूनच वर जावं लागतं, त्याला इलाज नाही. तू करून दिलेले पुढचे दोन दात शाबूत आहेत. सध्या दातओठ खायला तेच कामी येतायत.

का ते सांगतो. आमच्या ‘दोन्ही बाजू’ गटात माझ्यावर आळ आलाय. तू दर वेळी विसरतेस, म्हणून पुन्हा सांगतो, हा इंटरनेटवरचा रॉक आणि पॉप ऐकणाऱ्यांचा गट. महिन्याला एक अल्बम निवडायचा, घरी बसून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा आणि मग मनसोक्त भांडायचं. गेल्या महिन्यात एका पॉपवाल्या मुलीचा अल्बम होता. मी लिहिलं की असलं संगीत मला रोज लिफ्टमध्ये फुकट ऐकायला मिळतं. काय मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू लोकांना! दोन दिवस मला धारेवर धरलं. तेही चालतं. एकच गोष्ट तिथे माफ नाही, न ऐकता लिहिणं. तसं करणाऱ्याला सरळ नारळ देतात.

आणि मी नेमकं तेच केलं, असं सुईवाली म्हणते. तिथे सगळे टोपणनावानं असतात. मी तळमजला, ती सुईवाली. शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त आहे. तिच्याइतकं मुद्द्याला धरून भांडणारं माणूस मी पाहिलं नाही. या महिन्याला मी हट्टानं आपला खुर्चीवाला अल्बम निवडायला लावला. मुखपृष्ठावर रिकामी खुर्ची आहे, तो. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा तूच कॅसेटवर भरून आणून दिला होतास. त्यातल्या शेवटच्या गाण्यात गायक शब्दाच्या मधोमध थांबतो. खाट्कन. पुढे नुसती शांतता. एवढी छाती रॉकमध्ये दुसऱ्या कुणाची झाली नाही, असं मी गटात वर्षानुवर्षं ओरडून सांगतोय. सुईवालीनं मी केलेलं कौतुक वाचून तो जुना अल्बम कुठून कुठून शोधला, ऐकला, आणि चारचौघांत लिहिलं की गाणं कुठेही तुटत नाही, तळमजला यांनी अल्बम ऐकलेलाच नसावा. गट चालवतो तो मफलर, बस डेपोतला कारकून. तो म्हणाला, महिनाअखेरपर्यंत खुलासा द्या, नाहीतर नाव काढावं लागेल.

हसू नकोस ताई. तुझी भावजय गेल्यापासून घरात मी एकटा. कामावर मी आणि लिफ्टचे दोर. संध्याकाळी बोलायला हीच माणसं आहेत. तिथून हाकललं तर मी भांडू कुणाशी? तू ती मूळ रेकॉर्ड ऐकलेली आहेस. गाणं तुटतं, एवढं एका ओळीत लिहून दे. मी त्याचा फोटो गटात टाकतो.

लोभ आहेच, या महिन्यात थोडा जास्तीचा पाठव.
तुझा,
ठोंब्या


ता. ८ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका आजींची कवळी मेणात बसवत होते. वाचता वाचता वरचा सुळा डावीकडे सरकला आणि आजी एकदम लबाड दिसायला लागल्या. पुन्हा सगळी रांग लावावी लागली. तुझे उद्योग इथपर्यंत पोचतात, बघ.

बाकी इकडे ठीक. यांचा खोकला गेला. तुझ्या भाचीनं नोकरीतलं टेबल बदलून खिडकीजवळचं मिळवलं, म्हणून स्वारी खुशीत आहे. तुमच्या गटात तीही आहे, तिथली भांडणं मला जेवताना वाचून दाखवते. लिफ्टचं संगीत म्हणालास त्यावरून मामाशी अबोला धरला होता तिनं. तो अल्बम तिचा लाडका आहे म्हणे.

आता मुद्द्याचं. तुला हवी ती ओळ मला लिहिता येत नाही. गाणं तुटत नाही रे राजा. कॅसेट संपली होती.

वरच्या मजल्यावरच्या काकांकडे रेकॉर्ड होती आणि तुला जिना चढता येत नव्हता. मी घरातला टेपरेकॉर्डर उचलून त्यांच्याकडे गेले, खोलीचं दार लावून घेतलं, काकांना शिंकायचीसुद्धा बंदी केली. कोरी कॅसेट मिळाली ती लहान, आणि अल्बम निघाला लांब. शेवटच्या गाण्यात खट्कन बटण वर आलं. मी आपली तिथेच बसून उरलेलं ऐकलं आणि खाली येऊन तुला कॅसेट दिली. अर्ध्या शब्दावर गाणं संपलं तर माणूस विचारतो की पुढचं कुठे गेलं. तू कधी विचारलंच नाहीस. इतकी वर्षं तू ज्या छातीचं कौतुक करतोस, ती आपल्या टेपरेकॉर्डरची आहे हे मला तरी कुठे माहीत! तुझं संगीतपुराण मी अर्ध्या कानानंच ऐकते, हे तुला ठाऊक आहे.

पुढे बराच वेळ चालतं ते. काय आहे ते मी सांगणार नाही, तुझं तू ऐक. आणि त्या मफलरला सरळ खरं काय ते कळव. यात लाजायचं काय? तू खोटारडा नाहीस, फीत आखूड होती. सुईवालीबाईंनाही कळव. तुझ्या सांगण्यावरून कुणी एवढी शोधाशोध करतं, ही काय रागवायची गोष्ट झाली?

जेवण वेळेवर कर. रागवायचं असेल तर जेवून मग रागव.
तुझी,
ताई


ता. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी जिन्यावरच बसलो. शेजारच्यांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं घरात काही वाईट झालं. मी म्हटलं कॅसेट संपली. ते पाण्याचा पेला घेऊन परत गेले.

तू म्हणालीस तसं केलं. गटात सगळं खरं लिहिलं, तुझा टेपरेकॉर्डर, काकांची शिंक, सगळं. लिहिलं आणि संगणकाचं बटण बंद केलं ते अजून चालू केलेलं नाही. उत्तरं वाचायची हिंमत नाही. किती हसले असतील! त्या शेवटावर मी पानंच्या पानं लिहिलीत, ताई. गायकाला तिथे काय वाटलं असेल, तो का थांबला, पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही म्हणून थांबला, असलं काय काय. आणि तो बिचारा गातच होता.

पुढचं मी ऐकणार नाही. हट्ट म्हण, काही म्हण. पाय तुटला तेव्हा तो अल्बम ऐकत पडून होतो. ही गेली तेव्हाही तोच लावून बसायचो. तो शब्द तुटला की बरं वाटायचं. वाटायचं, याचंही असंच अर्ध्यात राहिलं. आता ऐकायला जावं आणि पुढे काहीतरी टुकार निघावं, मग मी इतकी वर्षं प्रेम कशावर केलं? त्यापेक्षा गट सुटला तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण सोसेन.

दात ठीक आहेत.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ठोंब्या


ता. १७ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सुरुवात अशीच करायची असं आईनं बजावलंय. तू फोन उचलत नाहीस आणि संगणक लावत नाहीस, म्हणून मला तुमच्या दोघांसारखं शाई सांडत बसावं लागतंय. तुझ्यावरचा राग मी तात्पुरता बाजूला ठेवलाय. पॉपबद्दल जे बोललास ते विसरलेले नाही.

गटात काय झालं ते सांगते. हसले. खूप हसले, ते मी लपवत नाही. मफलरनं लिहिलं की डेपोत खिडकीमागे एकटाच हसत होतो, तिकिटासाठी उभे असलेले लोक निघून गेले. पण त्यानंतर जे सुरू झालं ते तू वाचायला हवं होतंस. प्रत्येकजण आपापली बिघडलेली प्रत सांगायला लागला. एकाच्या रेकॉर्डवर ओरखडा होता, तो एकच ओळ तीनतीनदा ऐकून मोठा झाला आणि आता नीट रेकॉर्ड लावली की त्याला ओळ कमी पडल्यासारखी वाटते. एकीच्या भावानं गाण्यामध्ये आपला वाढदिवस भरून ठेवला होता. तिला अजून त्या जागी टाळ्या ऐकू येतात. आणि सुईवालीबाई! त्यांचा रेकॉर्डप्लेअर कित्येक वर्षं जरा हळूच फिरायचा, म्हणून एका चांगल्या तरुण गायिकेला त्या पुरुष समजत होत्या. तेही वर्गात मुलांना सांगून! हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुझं वाचून सांगितलं.

तू खोटं बोलला नाहीस, हे सगळ्यांनी मान्य केलं. बाईंनी ते चारचौघांत बोललेलं चारचौघांत मागे घेतलं. पण मफलर नियमाचा पक्का. तो म्हणतो की तळमजला यांनी अल्बम ऐकलाय खरा, पण पूर्ण नाही, आणि अर्धवट ऐकणाऱ्याला गटात ठेवता येत नाही. येत्या रविवारी दुपारी चारला सगळे आपापल्या घरी एकाच वेळी खुर्चीवाला अल्बम लावणार आहेत. त्यात बसलास तर राहशील, नाहीतर नाव जाईल.

तुला भीती वाटते ते आईनं मला सांगितलं. मी ते गटात बोलले. रागव हवं तर. त्यावर बाईंनी लिहिलं की शेवट टुकार निघाला तर आपण सगळे मिळून त्याला शिव्या घालू, तळमजला यांना एकट्याला घालाव्या लागणार नाहीत.

बस रे मामा.
आईला सांगू नकोस, पण ती रोज पोस्टाची पेटी दोनदा बघते.
तुझी,
लिफ्ट-संगीतवाली


ता. २५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बसलो. आधी खिडकी लावली, मग उघडली, मग पुन्हा लावली. सुईवालीनं तिच्या रेकॉर्डवरून पूर्ण अल्बम मला संगणकावर पाठवला होता, सोबत एक ओळ, की पाणी पिऊन बसा. चारला सुरू केलं. शेवटचं गाणं लागलं. तो शब्द आला, त्याचा अर्धा झाला, आणि बोट आपोआप कॅसेट काढायला पुढे गेलं. तिथे कॅसेट नव्हती. गायकानं शब्द पुरा केला.

अगदी साधा शब्द होता. त्यानंतर वाद्यं एकेक करून थांबली आणि तो नुसता गुणगुणायला लागला. शब्द नाहीत, काही नाही. आणि ताई, ती चाल मला पाठ होती! ते तू गुणगुणतेस. कपडे वाळत घालताना, कवळ्या घासताना, आईच्या शेवटच्या आजारात तिचे पाय चेपताना तू तेच गुणगुणत होतीस. माझा पाय प्लास्टरमध्ये असताना उशाशी बसून तू तेच म्हणायचीस आणि मी झोपायचो. आमच्या घरी त्याला ताईची चाल म्हणायचे. ही म्हणायची की तुमच्या ताईंना चालसुद्धा स्वतःची सुचते. मी त्या शेवटाशिवाय एक दिवस काढलेला नाही, आणि मला पत्ताच नव्हता.

रडलो. सांगायला लाज वाटत नाही. साडेपाचला गटात लिहिलं. आमच्याकडे लिहिलेल्या मजकुराखाली, कुठल्या प्रतीवर ऐकलं ते नोंदवावं लागतं. मी लिहिलं, शेवट आधी ताईकडून, मग रेकॉर्डवरून. मफलरला हे कोणत्या नियमात बसवावं कळेना. सुईवालीनं त्याला सांगितलं की गप्प बसा, ही प्रत ग्राह्य आहे. नाव राहिलं माझं.

पण एक घोळ झालाय, त्यात तुझी मदत हवी. रेकॉर्डवर तो शेवटाकडे एका जागी सूर खाली नेतो. तू तिथे वर नेतेस. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. तो चुकतोय, तुझंच बरोबर आहे, आणि तसं मी गटात ठणकावून लिहिलं. आता जो वाद पेटलाय म्हणतेस! सुईवाली म्हणते, पुरावा दाखवा. भाचीला सांग, कवळ्या घासताना तुझं गुणगुणणं भरून घ्यायला. पूर्ण घे म्हणावं, अर्ध्यात तोडू नको.

बाकी सगळं क्षेम. लोभ पुरून उरलाय, तरी पाठवत राहा.
तुझा,
ठोंब्या