काळ्या मातीचे आकडे

मी, ग्यानोबा माणिकराव चेवले, वय ७४, निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक व नंतर विज्ञानाचा इतिहास लिहिणारा, राहणार लातूर, मूळ गाव रेणापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गावाचे मत वेगळे आहे.

१. रेणापूरची जमीन धाकटा भाऊ भागवत यास. त्याने ती कसली म्हणून, मायेपोटी नव्हे. माझे पुस्तक निघाले तेव्हा तो म्हणाला होता, "दादा, लई शिकलास. आता गावात तोंड दाखवू नको."

२. त्या पुस्तकाविषयी. काळ्या मातीत उष्णता कशी उतरते, यावरचे माझे गुरू शिवमूर्ती सर यांचे संशोधन म्हणजे जिल्ह्याचा अभिमान. चौकाला त्यांचे नाव आहे. त्यांचा इतिहास लिहिताना मी तसेच उपकरण बनवून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. सरांचे आकडे काही येईनात. शेवटी त्यांनाच जाऊन विचारले. सर अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, "मोजलेच न्हाईत रे. अंदाजानं भरले. लिही तू. पण माझ्या माघारी नको, मी जिता हाय तवर लिही."

मी लिहिले. पुस्तक आले आणि थोड्याच दिवसांत सर गेले. त्यांचा मुलगा वैजनाथ याने मला अंगणातूनच परत पाठवले. "तुम्ही मारलं आमच्या बापाला." सरांचे शेवटचे दर्शन मला मिळाले नाही.

३. माझी शोकसभा घेऊ नये. सरांच्या शोकसभेत मला खोटारडा ठरवले. सरांचे ते शब्द माझ्या शेजारी बसून ऐकणारे माझे सहकारी फारूक मोमीन पहिल्या रांगेत मान खाली घालून होते. नंतर म्हणाले, "ग्यानोबा, मला ह्याच गल्लीत राहायचंय. बालबच्चे हायेत." त्यांची भीती खरी होती. पण राहायचे मलाही इथेच होते.

४. लातूरचे घर, पुस्तके व ते उपकरण पुतणी पुनम हिला. तिचाही माझ्यावर विश्वास बसला नाही. पण "काका, मला करून बघू द्या," असे फक्त तीच म्हणाली.

५. फारूक यांना काही देत नाही. साक्षीदाराला काही दिले की त्याच्या साक्षीवर शंका घेतात, आणि मला त्यांची साक्ष हवी आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्यांचीच. तिथे इतर कोणाची सही घेऊ नये. त्यांनी सगळा मजकूर वाचून मगच सही करावी.

लातूर, दि. १२ फेब्रुवारी २०२५
(सही) ग्यानोबा मा. चेवले

साक्षीदार:
१. (सही) डॉ. रुद्राणी हालगे, लातूर
२. (सही) फारूक मोमीन, लातूर. मजकूर वाचला. साक्ष फक्त सहीपुरती.