बारा जणांना एक दिवस उशिरा आलेला मलेरिया

४ मार्च
आजपासून रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाही. स्वतःची स्तुती करायची नाही. वस्तुस्थिती एवढीच, की मलेरियाच्या नव्या लसीचं भवितव्य माझ्या हातात आहे.

चाचणी अशी: अठरा धडधाकट माणसं. बारा जणांना लस, सहा जणांना काहीच नाही. मग सगळ्यांना मलेरियाचे डास चाववले, प्रत्येकी पाच. रोज दोनदा रक्त काढून परजीवी मोजले आणि आकडा वाढू लागला की औषध दिलं. सगळे बरे होऊन घरी गेले. आता एकोणीस तारखेला मीटिंग आहे. पुढची मोठी चाचणी करायची की लस कपाटात ठेवायची, ते तिथे ठरेल.

आकड्यांचा हिशेब माझ्याकडे आणि माझ्या वरच्या सरांकडे. सरांचा अहवाल अर्ध्या पानाचा आहे. लस घेतलेल्या बारापैकी किती जणांना मलेरिया झाला? बारा. लस नापास. याला सर संख्याशास्त्र म्हणतात.

५ मार्च
सरांना स्पष्ट सांगितलं, झाला की नाही हा प्रश्नच नाही, किती झाला हा प्रश्न आहे. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात वाढतात. आठवडाभराने रक्तात उतरतात आणि मग दर दोन दिवसांनी दहापट होतात. माझं गणिती मॉडेल रक्तातल्या आकड्यांवरून उलटं चालत जातं आणि यकृतातून मुळात किती बाहेर पडले ते सांगतं.

सर म्हणाले, उलटं चालताना मागे बघत जा.

यात विनोद होता की काय, कळलं नाही.

७ मार्च, संध्याकाळी ६.१०
निघालं! लसवाल्यांच्या रक्तात परजीवी एक दिवस उशिरा उतरले. दोन दिवसांत दहापट, म्हणजे दिवसाला साधारण तिप्पट; म्हणून एक दिवस उशीर म्हणजे मुळात एक तृतीयांशच बाहेर पडले. म्हणजे लस अडुसष्ट टक्के चालली! बाराच्या बारा जणांत इतका नेमका एक दिवस, की मला गहिवरून आलं. निसर्ग एवढा टापटीप असतो हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

घरी फोन. आईने विचारलं, म्हणजे आता मलेरिया होणार नाही ना? म्हटलं, होईल, पण एक दिवस उशिरा. आई म्हणाली, एवढी शिकलीस, काहीतरी चांगलंच केलं असशील.

बाबा शिंपी आहेत. त्यांनी फोन हातात घेतला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगितलं, आमच्या पोरीने मलेरियाची लस काढली. मी दुरुस्ती करणार होते. पण घरात पदवी घेतलेली पहिली मी. त्यांचा आवाज ऐकून राहूनच गेलं.

९ मार्च
सर म्हणाले, बाराही जणांना सारखाच उशीर? मला संशय येतो.

संशय हा त्यांच्या पिढीचा आजार आहे. त्यावर कुणी लस काढलेली नाही.

संकल्प: सरांशी बोलताना आवाज चढवायचा नाही.

१० मार्च
आवाज चढला. पण तत्त्वासाठी.

दुपारी वरच्या वॉर्डच्या सिस्टर आल्या. लसवाले बारा जण त्यांच्याकडे होते, बाकीचे सहा खालच्या वॉर्डात. म्हणाल्या, मॅडम, आमच्याकडे फॉर्मवर दिवस कसे धरलेत ते जरा… मी म्हटलं, सिस्टर, दिवसांचं मी बघते, तुम्ही बसा. आणि सगळं मॉडेल समजावून सांगितलं. चाळीस मिनिटं. विज्ञान तळापर्यंत पोचलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्या फार मन लावून ऐकत होत्या. चार-पाचदा घड्याळ बघितलं, बहुधा वेळेचा अंदाज घ्यायला. जाताना म्हणाल्या, तुम्ही फारच शिकलात हो मॅडम.

दिवसभर बरं वाटलं.

१२ मार्च
नऊ नंबर तपासणीला आला होता. लसवाल्यांपैकी. कॉरिडॉरमध्ये गाठून त्याला आनंदाची बातमी दिली. तो म्हणाला, लस चालली तर माझे दात कशाला वाजत होते? म्हटलं, लस नसती तर आदल्या दिवशी वाजले असते. म्हणाला, मग बरं झालं असतं की. आदल्या दिवशी सुटलो असतो तर बहिणीच्या लग्नाला पोचलो असतो!

सर्वसामान्य माणूस व्यापक विचार करत नाही.

१४ मार्च
टेबलावर सिस्टरांची चिठ्ठी. ‘दिवसांबद्दल बोलायचं होतं.’ सुट्टीचे दिवस असणार. ड्युटीवरून त्या वॉर्डात कायम कुरबुर असते. माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. चिठ्ठी ‘कर्मचाऱ्यांचे प्रश्न’ लिहून फाइलला लावली.

१६ मार्च
सर म्हणाले, तुझं मॉडेल शेवटी परिशिष्टात घालू.

परिशिष्टात! मीटिंगच्या अध्यक्षबाईंना थेट मेल केला. साडेतीन पानं. शेवटचं वाक्य: ‘गणिताला साहेब नसतो.’ हे वाक्य मला आंघोळ करताना सुचलं. अध्यक्षबाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं, दहा मिनिटं देते.

जिंकले. सर रागावतील असं वाटलं होतं, पण एवढंच म्हणाले, वॉर्डातले मूळ फॉर्म उघडून बघितलेस का? म्हटलं, आकडे कॉम्प्युटरमध्ये आहेत, सर. ते म्हणाले, ते कॉम्प्युटरला डास चावून आले नाहीत.

जुनी माणसं. कागद हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

१८ मार्च, सकाळी ९.३०
आरशासमोर भाषणाची तालीम. नऊ मिनिटं पन्नास सेकंद. टाळ्यांना दहा सेकंद उरतात.

१०.४०
सिस्टर आल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. दोन फॉर्म टेबलावर ठेवले, एक वरचा, एक खालचा. गुप्ततेसाठी फॉर्मवर नाव नाही, तारीख नाही, फक्त ‘दिवस’ असतो. खालच्या वॉर्डात डास चावले तो दिवस शून्य. वरच्या वॉर्डात तोच दिवस एक.

म्हणाल्या, कोर्सची पहिली गोळी देतो तो पहिला दिवस, मॅडम. अठ्ठावीस वर्षं असंच लिहितेय. शून्यावा दिवस कुठे असतो का? खालच्या पोरींचा फॉर्म बघितला तेव्हा माझ्या लक्षात आलं. कधीपासून सांगायला बघतेय, तुम्ही बोलूच देत नाही.

१०.५५
काही फरक पडणार नाही. मॉडेल भक्कम आहे.

११.३०
बारा जणांचा एकेक दिवस कमी केला. मॉडेल चालवलं. लस चार टक्के चालली. तेही नक्की नाही. पंचवीस टक्के चालली असेल किंवा पंचवीस टक्के उलटीही चालली असेल.

१२.१५
पुन्हा चालवलं. चार.

१.००
जेवले नाही. एक विचार डोक्यात आला: सिस्टर मीटिंगला नसतात. म्हणजे उद्या त्या खोलीत हे फक्त मला माहीत असेल. असला विचार माझा असणं शक्य नाही.

१.०५
माझाच होता.

१९ मार्च
दहा मिनिटं भांडून मिळवली होती, दोनच लागली. सांगितलं, लस चालली नाही, उशीर परजीवींना नव्हता, आमच्या फॉर्मला होता.

अध्यक्षबाईंनी तोंडभरून कौतुक केलं. तरुण मुलीने स्वतःची चूक स्वतः पकडली, असं धाडस हवं. सगळ्यांनी टेबल वाजवलं. मी उभीच होते. म्हटलं, मी नाही पकडली. वरच्या वॉर्डच्या सिस्टरांनी पकडली. मी आठ दिवस त्यांना गप्प बसवत होते. टेबल वाजायचं थांबलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, मग त्या कुठे आहेत? त्यांना कधी बोलवतच नाहीत.

लस कपाटात. सरांचं अर्धं पान जसंच्या तसं मंजूर.

तरीही तिथेच ठासून सांगितलं की पुढच्या चाचणीत मॉडेल हवंच. सगळ्यांना मलेरिया झाला तरी कुणाला कमी झाला ते कळायला दुसरा मार्ग नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, हवंच. सर म्हणाले, मी कधी नको म्हटलं?

आठवून बघितलं. खरंच म्हटलं नव्हतं.

२१ मार्च
झुकायचं नाही असं ठरवलं. सरांकडे लेखी मागणी केली: दोन्ही वॉर्डांना एकच फॉर्म हवा, त्यावर डास चावल्याचा दिवस ठळक हवा आणि तो फॉर्म तयार करण्याची जबाबदारी माझ्यावर द्यावी. मी त्याला पूर्ण न्याय देईन.

सर म्हणाले, फॉर्म सिस्टर तयार करतायत. तू टाइप करून दे.

टाइप करून वर पाठवला. सिस्टरांनी दोनदा परत केला. पहिल्यांदा, रकाने अरुंद झालेत म्हणून. त्यावर मी जिन्यात उभं राहून वाद घातला. दुसऱ्यांदा, खाली मी आजची तारीख वीस टाकली होती म्हणून.