आमच्या गल्लीचे तेहतीस लाल ठिपके

१३ जानेवारी, सकाळी ११.४०
अन्यायाची नेमकी वेळ लिहून ठेवते, पुढे विचारतील. अकरा चाळीसला नगर नियोजन कार्यालयाच्या सात नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी आमचा अर्ज परत केला. मागणी काय, तर पुढच्या दाराच्या तीन पायऱ्यांवर रॅम्प, म्हणजे यांची चाकाची खुर्ची रस्त्यावर नेता येईल. खुर्ची आणून आठ महिने झाले. अजून उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. बाई म्हणाल्या, शहराचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा व्हायचाय, तोवर बांधकामाला परवानगी नाही. मी म्हटलं, हे बांधकाम नव्हे, चार घमेली सिमेंट आहे. त्या म्हणाल्या, मग विचारायला कशाला आलात?
उद्धट.
नणंद शेजारच्याच घरात राहते, त्यामुळे तिला कळलंच. म्हणाली, वहिनी, गवंडी बोलवायचा आणि रविवारी उरकून टाकायचं. अख्खी गल्ली तेच करते. मी म्हटलं, मला कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलंय, आम्ही आधी विचारतो. म्हणाली, मग खुर्ची उचलायला त्यांनाच बोलाव.
संकल्प: रागवायचं नाही. रॅम्प महिनाअखेर.

२० जानेवारी
वर्तमानपत्रात आलंय: आराखड्यात नागरिकांचा सहभाग हवा. शनिवारी सभागृहात कार्यशाळा. म्हणजे खिडकीतल्या बाईंना वगळून थेट वरच्यांना पटवता येईल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सुपरवायझर होते; माणसं जोडायची कशी ते मला कुणी शिकवू नये. संध्याकाळी घरोघर गेले. चौदांपैकी अकरा घरं येतो म्हणाली. उरलेली तीन लक्षात ठेवली आहेत.

२५ जानेवारी, दुपारी ४
पूर्ण यश.
भिंतभर नकाशा. प्रत्येक घराला तीन लाल आणि तीन हिरवे चिकटवायचे ठिपके. ते नकाशावर लावून आपलं मत सांगायचं. नियोजक, गळ्यात ओळखपत्र, बालवाडीत बोलावं तसा बोलणारा, सूचना देत होता तेव्हा मी दाराशी चहा संपल्याची तक्रार करत होते. पण ठिपक्यांत समजून घेण्यासारखं आहे काय? लाल म्हणजे थांबा, हात लावू नका. जगभर. आमची मंडळी भांबावलेली दिसली तशी मी ताबा घेतला. लाल, फक्त लाल, सगळे आपल्या गल्लीवर. आराखड्याने गल्ली सोडली की रॅम्प मोकळा. नणंद म्हणाली, वहिनी, तिथे पाटीवर काहीतरी लिहिलंय, वाचू का? मी म्हटलं, चष्मा घरी विसरलीस, वाचणार काय, कपाळ?
तेहतीस ठिपके. गल्लीला गोवर निघाल्यासारखा. नियोजक म्हणाला, एवढं एकमत मी आजवर पाहिलं नाही. गटप्रमुख म्हणून नकाशाखाली माझी सही घेतली. ठसठशीत केली.
यांना सगळं सांगितलं. पॅरालिसिसनंतर हे दोनच शब्द बोलतात, हं आणि पुरे. आज हं म्हणाले.

१८ मार्च
टपालाने प्रशस्तिपत्र आलं. उत्कृष्ट लोकसहभाग. फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलं, यांना पलंगावरून दिसेल असं. रॅम्पचं थोडं मागे पडलंय, पण आता आपली ओळख झाली आहे.
नणंद म्हणाली, छान. याच्यावरून उतरव आता खुर्ची.

२ एप्रिल, सकाळी १०.१५
आराखडा जाहीर. अहवालाचं पान एकसष्ट. लाल म्हणजे ‘बदल हवा’, हिरवा म्हणजे ‘आहे तसं राहू द्या’. आमच्या गल्लीतल्या रहिवाशांची बदलाची मागणी शहरात सर्वाधिक तीव्र आणि एकमुखी असल्याचं आढळलं. तिला मान देऊन गल्ली अठरा मीटर रुंद होणार. दोन्ही बाजूंच्या पुढच्या खोल्या जाणार. आमची म्हणजे यांची खोली.
हे रंग कुणी ठरवले? सिग्नलला हिरवा दिवा लागला की ही माणसं जागच्या जागी उभी राहतात का?
राग आलेला नाही. बोटं बधिर वाटतात. पंखा जोरात असावा.

५ एप्रिल
कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने गोळ्या दिल्या, मान वर केली नाही. समोरचे मास्तर दार लावून घेतात. उन्हामुळे असेल. न आलेली तीन घरं मात्र हसून बोलतात.
नणंद आली. माझं स्वयंपाकघर पुढे आहे, म्हणाली. एवढंच म्हणाली. ती एवढंच कधी म्हणत नाही.
संकल्प: नऊ पानी हरकत. दोन दिवसांत आराखडा रद्द.

२३ एप्रिल
सुनावणी. नऊ पानांना तीन मिनिटं. दुसऱ्या पानावर घंटा वाजली. मी म्हटलं, पाटी दिसेल अशी लावलेली नव्हती. नियोजकाने फाइलमधून कार्यशाळेचा फोटो दाखवला. पाटी बरीच मोठी आहे. मी तिच्यापुढेच उभी आहे, बोट उगारून. नकाशाखाली माझी सही.
मी विचारलं, रस्ता कधी होणार? म्हणाला, मॅडम, वीस वर्षांत केव्हाही. उद्या होईल, एकोणिसाव्या वर्षी होईल. कदाचित होणारही नाही. मग रॅम्प? म्हणाला, जागा रस्त्याच्या रेषेत गेली, आता तिथे वीटही लावता येणार नाही. आवाज मऊ होता. पाणी देऊ का, विचारलं. नको म्हटलं.
बाहेर येऊन कुठे जायचं ते आठवेना. मग घरी आले.

४ मे, रविवार
सकाळी आठला दारात गवंडी. नणंदेने पाठवला, मला न विचारता. बाई, अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणाला. सिमेंट कालवून तयार होतं. मी परत पाठवला. हरकत दाखल आहे. बेकायदा बांधलं तर पुढच्या सुनावणीत कोणत्या तोंडाने उभी राहू?
हे पुरे म्हणाले. दोनदा. गवंड्याला उद्देशून असावं.

१९ मे, सकाळी ९
पाठवलेल्या पत्राची नक्कल:

मा. नियोजक,
माझ्या हरकतीतले मुद्दे एक ते सव्वीस मी मागे घेत आहे. रस्त्याबद्दल म्हणणं नाही. रॅम्पचा अर्जही निकालात काढावा.
माझे पती पुढच्या खोलीत असतात. वय एक्याऐंशी. खुर्ची जड आहे. पायऱ्यांवरून उतरवायला चार माणसं लागतात आणि गल्लीत सध्या मी कुणाला सांगू शकत नाही. आपली माणसं खोली पाडायला येतील तेव्हा त्यांतल्या चौघांनी आधी खुर्ची उचलून बाहेर रस्त्यावर ठेवावी. घाईने उचलू नये. तोंड ज्या बाजूला वर्दळ असेल तिकडे करावं.
तरी येण्याचा नेमका दिवस आणि वेळ कळवावी, म्हणजे मी त्यांची दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून त्यांना तयार ठेवीन. वीस वर्षांत केव्हाही, हे उत्तर चालणार नाही. लेखी उत्तर शुक्रवार, ३० मे रोजी सायंकाळी पाचच्या आत मिळावं.