कौसाआत्याचा कोरडा बोअर

सोमवार, दिवेलागण

आज सरपंच म्हणून कौसाआत्याच्या दारात जावं लागलं. हातपंपाच्या पाण्याच्या तपासणीची बाटली काळी पडली, म्हणजे ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. कारण आत्यांचा संडास. त्यांच्या पोरानं पाइप सरळ शेजारच्या कोरड्या बोअरमध्ये सोडलाय. गावात असे अजून किती असतील?

"बोअर कोरडाच हाय की गं. त्येच्यात पाणीच न्हाई, तर नासंल काय?" आत्या म्हणाल्या. खालचे झरे सगळ्यांचे एकच असतात, हे मी सांगत राहिले. ठरावावर सही माझीच आहे: बोअरमधला पाइप काढायचा, मैल्याची टाकी बांधायची, हातपंपापासून लांब शोषखड्डा घ्यायचा. पण तोवर गुडघे धरून चालणाऱ्या आत्यांनी जायचं कुठं? रानात? ते गुडघे काही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

"टाकी होईपर्यंत आमच्याकडं या," मी म्हणाले.

आत्या हसल्या. "येईन की. पण तुज्या संडासाचा पाइप कुठं गेलाय गं?"

मला माहीतच नव्हतं. घरी येऊन ह्यांना विचारलं. हे हातातला घास तसाच धरून परसातल्या जुन्या आडाकडं बघत राहिले.